दगडूचा बोकड आणि चोरीचं कलम

चट्… चट्… चट्…

स्लिपरचा आवाज. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिकडून परत. सकाळची वेळ, मी अजून तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. इतकी वर्षं झाली, पण कोणाच्या पायातली स्लिपर तशी वाजली की अजून माझी कानशिलं तापतात. राग येतो. कोणाचा, ते लगेच विचारू नका. तो राग त्या आठवड्यात इतक्या जणांवर फिरला, की एखादी एसटीही इतक्या थांब्यांवर थांबत नसेल.

हसायचं तर खुशाल हसा. गावही हसलंच होतं. फक्त मधे बोलू नका. कारण माझी ही फजिती झाली ती माझं बोलणं कोणी पुरतं ऐकून घेतलं नाही म्हणून.

मी हळू बोलतो. लहानपणापासूनच. गुरुजींनी पाढा विचारला तर माझं उत्तर येईपर्यंत मधल्या सुट्टीची घंटा व्हायची. चौथीनंतर गुरुजीही दमले आणि मीही. आणि राग आला की? इतर माणसं रागात भराभर बोलतात. माझं उलटं. राग आला की मी आणखी हळू होतो. फाट्यावर एकदा कंडक्टरशी भांडलो होतो. माझी पहिली शिवी पुरी झाली तेव्हा गाडी वसमतला पोचली असेल.

तर ती स्लिपर माझ्या लेकीची, रेखाची. एकुलती एक. बी.ए. झाली आणि म्हणाली, “आबा, मला वकील व्हायचंय.” कुरुंद्याच्या अंगाला आमचं एवढंसं गाव, वकील कशाला म्हणतात ते आम्हाला फक्त तारखा पडल्यावर कळायचं. पण मी हो म्हणालो. रोज फाट्यावरून वसमत, वसमतहून नांदेड. कॉलेजला जाऊन थोडेच महिने झाले होते आणि पहिली परीक्षा तोंडावर आली होती. सोमवारी फौजदारी कायद्याचा पेपर. त्याचं एक पुस्तक तिनं नांदेडहून आणलं होतं, असं जाड, की उशाला घेतलं तर मान मोडावी.

मी चूळ भरायला तांब्या घेतला आणि ओट्यावरून रेखाचा आवाज आला.

“किसन. दगडू. दगडूचा बोकड.”

चट्, चट्.

“किसन खिशात फुटाणे घेतो. दगडूच्या बोकडाला दाखवतो. बोकड किसनच्या मागं चालायला लागतो.”

चट्, चट्.

“दगडूला विचारलं व्हतं? न्हाई. किसनच्या मनात लबाडी व्हती? व्हती. बोकड जागचा हलला? हलला. झाली चोरी! किसन चोर. तीन वर्षं.”

चुळीचं पाणी मी गिळलं.

कारण किसन म्हणजे मी. दगडू म्हणजे माझा धाकटा भाऊ, शेजारीच राहतो, दोन्ही घरांच्या मधे एक भिंत. आणि दगडूचा बोकड म्हणजे दगडूचा बोकड! नवसाचा. येत्या शुक्रवारी तो कापून कंदुरीचं जेवण व्हायचं होतं, पाव्हण्यांना आवतणं गेली होती, आणि आदल्याच आठवड्यात बोकड गोठ्यातून नाहीसा झाला होता. खुंट्याला नुसतं तुटकं दावं. लांडगा म्हणा, कुत्री म्हणा, ज्याला जे सुचलं ते तो म्हणाला. माझं नाव कोणी घेतलं नव्हतं.

आणि फुटाणे? माझ्या बंडीच्या खिशात बारा महिने फुटाणे असतात. गावातली सगळी शेरडं-करडं माझ्या मागं येतात. हेही अख्ख्या गावाला माहीत.

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर?

माझी पोटची लेक! तिच्यासाठी मी गावाची बोलणी खाल्ली. पोरीची जात, इतकं शिकवून काय करतो, म्हणून. आणि ती उजाडता उजाडता बापाला चोर ठरवून, वर तीन वर्षांची सजा सुनावून, स्लिपर वाजवत फिरून राहिली! तेही माझ्याच ओट्यावर!

तिला विचारायचं नव्हतं का, म्हणता? अहो, विचारायलाच गेलो. मी तोंड उघडलं, “रे…” म्हणालो, तेवढ्यात तिनं पिशवी उचलली आणि एसटीला पळाली. जाड पुस्तक कोनाड्यात ठेवून गेली.

मी तिथंच उभा. अंगाची लाही. मग वाटलं, ही संध्याकाळी येऊन दगडूला सांगायच्या आत आपणच त्याला सांगून टाकावं. सख्खा भाऊ आहे. सरळ जाऊन म्हणावं, बाबा रे, तुझा बोकड मी नेला नाही.

हीच ती माझी अक्कल. कोणी विचारलं नव्हतं, कोणाच्या मनात नव्हतं, आणि मी निघालो सांगायला!

दगडू दारात दावं वळत बसला होता.

“दगडू,” मी म्हणालो, “तुझा बोकड…”

“सापडला?”

“ऐक. तुझा बोकड… मी… नेला…”

आता आपल्या भाषेचा घोळ बघा. आपल्यात ‘नाही’ शेवटी येतं. आधी सगळं कबूल करायचं आणि मग शेवटच्या घासाला नाही म्हणायचं! ही रीत ज्यानं कोणी पाडली, त्याच्या घरात माझ्यासारखं माणूस नसणार. माझं ‘न्हाई’ छातीतून निघालं होतं, गळ्यापर्यंत आलं होतं. पण दगडू ताडकन उठला.

“तू नेला? दादा, तू?”

“न्ह…”

“कापला का काय?”

“न्हाई.”

आलं! पण नको त्या प्रश्नाला जाऊन चिकटलं.

“मंग विकला!”

“अरे, विकला…”

“कुठं? कुरुंद्याला का वसमतला?”

“…न्हाई.”

“न्हाई? सांगणार न्हाई म्हणतो! आयला, चोर ते चोर आन वर शिरजोर!”

त्याची बायको चंद्रभागा चुलीपुढून उठून आली. ती माझ्याशी थेट बोलत नाही. थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत. म्हणून तिला मला जे ऐकवायचं असतं ते ती भिंतीला सांगते. त्या भिंतीनं माझ्याबद्दल जे जे ऐकलंय, ते ऐकून दगडाचीसुद्धा माती झाली असती.

“भिंती, ऐकून ठेव गं बाई,” ती पदर ओढून म्हणाली. “तरीच म्हणलं, रविवारी थोरल्या घरातून मटणाचा वास काहून येऊन राहिला!”

वांग्याचा रस्सा होता तो! वांग्याचा! मसाला तोच असतो, हे त्या बाईला माहीत नाही का? पण एवढं सगळं म्हणायला मला अर्धा दिवस लागला असता, आणि ती तोवर पाण्याला गेली होती. घागर रिकामीच होती, तोंड मात्र भरलेलं.

मी चालतोही हळू. मी घरी पोचलो त्याच्या आधी बातमी पोचली. कौसा, म्हणजे रेखाची आई, कमरेवर हात ठेवून दारात उभी.

“अवं, इतकी वर्षं संसार केला, तुमी असले निघाल असं वाटलं न्हवतं.”

“कौसा, मी…”

“आन नेला तर नेला, घरात एक नळी तरी आणायची!”

आता मात्र माझं डोकं फिरलं. भाऊ चोर म्हणतो, भावजय भिंतीला सांगते, बायको नळी मागते. हे सगळं कुठून सुरू झालं? त्या कोनाड्यातल्या पुस्तकातून. माझी लेक साधी होती. माझ्या ताटात बसून जेवायची. त्या पुस्तकानं तिला शिकवलं बापाकडे चोर म्हणून बघायला!

पुस्तक काखेत मारलं आणि फाट्यावर गेलो. तिथं एक हॉटेल, भजी बरी मिळतात. हॉटेलवाल्यासमोर पुस्तक आपटलं. म्हणजे आपटायचं होतं, पण माझ्याकडून ते हळूच ठेवलं गेलं.

“घे. बांध… भजी.”

त्यानं पान चोळून बघितलं. “मामा, लय भारी कागद हाय. तेल पीत न्हाई.”

पहिल्या कोऱ्या पानावर रेखानं आपलं नाव लिहिलं होतं, वळणदार अक्षरात. तेवढं पान मी फाडून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं. एवढ्या रागातसुद्धा. मग बाकीचं त्याच्याकडे सरकवलं आणि घरी आलो. खोटं कशाला बोलू? वाटेत बरं वाटत होतं.

संध्याकाळी रेखा आली. पिशवी ठेवली, कोनाड्यात बघितलं.

“आबा, माझं पुस्तक कुठं हाय?”

“बराबर जागी हाय.”

“कुठं?”

“उद्यापास्नं कॉलेज बंद.”

बघा! हे वाक्य मात्र एका दमात पुरं झालं. बोलू नये तेव्हा माझी जीभ रेल्वेसारखी चालते.

“काहून आबा? सोमवारी पेपर हाय!”

“तुला… ठावं हाय.”

“मला काय ठावं हाय?”

मी भिंतीकडे तोंड केलं. म्हटलं, चंद्रभागा बोलते भिंतीशी, आपण निदान गप्प बसू. कौसानं आपला तर्क लढवला. लेकीच्या कानात म्हणाली, “स्थळ आलं असंल.” झालं! रेखा रडायला लागली. जेवली नाही. ती नाही म्हणून कौसा नाही, कौसा नाही म्हणून मी नाही. भाकरी तशीच टोपल्यात. मला वाटत होतं, हिनं एकदा म्हणावं, आबा, तुमी चोर न्हाई. बास. मी तिला स्वतः नांदेडला नेऊन सोडलं असतं. ती म्हणत नव्हती. म्हणणार कशी? तिला बिचारीला ठाऊकच काय होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूनं मारुतीच्या पारावर माणसं जमवली. ज्यानं बैठक बोलावली त्यानं चहापाणी करायचं, असा आमच्याकडे शिरस्ता. दगडूनं फाट्यावरून भज्यांचे पुडे आणले होते. पोलीस पाटील मधे बसले. बायका कडेला. तिथं भिंत नव्हती, म्हणून चंद्रभागा देवळाच्या खांबाला टेकून उभी राहिली.

पाटील भलं माणूस. म्हणाले, “किसनबा, तुमी आजवर कोणाची काडी उचलली न्हाई. झाली असंल चूक. एक बोकड दगडूला आणून द्या आन मिटवा. शुक्रवारी कंदुरी हाय, पाव्हणे यायलेत. चौकीची तकलीफ कशाला?”

मी उठलो. राग इतका, की शब्द फुटत नव्हता. चंद्रभागा खांबाला म्हणाली, “बघ रं बाबा, खऱ्याला तोंड असतं, खोट्याची वाचा जाते.”

तेवढ्यात मागून आवाज आला. “पाटीलमामा, आबांच्या बाजूनं मी बोलते.”

रेखा. डोळे रडून सुजलेले, पण मान ताठ.

“पोरी, तुझं इथं काय काम?” कोणीतरी म्हणालं.

“न्यायनिवाडा चाललाय ना? मंग दोन्ही बाजू ऐकाव्या लागतील. आधी घडलं काय, मंग प्रश्न काय, मंग कायदा. आमाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं.” ती दगडूकडे वळली. “काका, आबा तुमाला काय म्हणले? शब्द न् शब्द सांगा.”

“म्हणला, तुझा बोकड मी नेला.”

“पुढं?”

“पुढं काय? झालं की.”

“वाक्य संपलं व्हतं का?”

दगडूनं डोकं खाजवलं. “आता… मी उठलो ना ताडकन.”

“म्हणजे अर्धंच ऐकलं. काका, आमचे सर सांगतात, कलम कधी अर्ध्यात सोडायचं न्हाई. शेवटी एक ‘परंतु’ बसलेला असतो, आन सगळा जीव त्याच्यात असतो. आबा, तुमी बोला. आन कोणी मधी बोलायचं न्हाई. पाटीलमामा, तुमीसुद्धा!”

माणसं सरसावून बसली. कोंबड्या थांबल्यासारख्या वाटल्या. माझ्या उभ्या जन्मात माझं बोलणं ऐकायला एवढी माणसं अशी कधी बसली नव्हती.

“दगडूचा… बोकड…” मी म्हणालो. “मी… नेला…”

“ऐका, पुन्हा कबूल केलं!” एक म्हातारा ओरडला. रेखानं नुसता हात वर केला. तो खाली बसला.

मी श्वास घेतला. एक बैलगाडी आली, खडखडत गेली.

“…न्हाई.”

“हात्तिच्या मारी!” पाटलांनी मांडीवर थाप मारली. दगडूनं कपाळावर हात मारला. सगळा पार हसायला लागला. आणि माझी लेक, काय सांगू, तिच्याकडे बघून माझी छाती अशी भरून आली, की वाटलं, हिला आत्ताच काळा कोट शिवून टाकावा.

पण पाटील कसले मुरलेले! हसता हसता म्हणाले, “ते बराबर. पर किसनबा, नेला न्हाई हे तुमी सांगायला काहून गेलते? तुमाला विचारलं व्हतं कोणी?”

सांगावं लागलं. स्लिपर, किसन, दगडू, फुटाणे, तीन वर्षं. सगळं. मला किती वेळ लागला ते विचारू नका, पुड्यातली भजी पार गार झाली. मी सांगत होतो आणि रेखाचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग हसू आवरता आवरता जांभळा झाला.

“अवं आबा! ते कलम व्हतं! पुस्तकात माणसांना नावं नसतात. क, ख आन य. क यानं य च्या कुत्र्याला खायचं दाखवलं, कुत्रं मागं निघालं. असली उदाहरणं एकाखाली एक. वाचता वाचता क कोण, य कोण आन कुत्रं कोण, तेच कळंना. सर म्हणले, नव्यानं आलेल्या सगळ्यांचं असंच होतं. अक्षरं काढा, त्या जागी घरची माणसं घाला. बसून न्हाई, चालत म्हणा, मोठ्यानं म्हणा, कानाला ऐकू आलं पाहिजे. मंग जन्मात विसरणार न्हाई.”

“आन मी चोर?” मी विचारलं.

“घरातून सुरुवात केली ना! पहिलं कलम हाताला लागलं ते तुमच्या वाट्याला आलं.”

चंद्रभागाला राहवेना. खांब सोडून पुढं आली. “आन मला कशात घातलं गं?”

“काकू, तुमी अब्रुनुकसानीत.”

पार असा हसला, की मारुतीसुद्धा हलला असेल. कौसा ओरडली, “आन मी?”

“तू खोट्या साक्षीत.”

पाटलांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी डोळे पुसले, एक भजं तोंडात टाकलं आणि पुड्याच्या कागदाला बोटं पुसली. रेखा हसत होती. हसता हसता तिची नजर त्या कागदावर गेली.

“मामा, तो कागद बघू.”

तिनं तो हातात घेतला, सरळ केला. मग दुसरा पुडा उलगडला. मग तिसरा. पेन्सिलीनं मारलेल्या तिच्याच खुणा तेलातून वर दिसत होत्या.

“काका, ही भजी कुठली?”

“फाट्यावरची,” दगडू म्हणाला.

रेखानं माझ्याकडे बघितलं. पारावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. आता म्हणा ना ‘न्हाई’! पण या खेपेला ते यायचंच नव्हतं. हळूही नाही.

तिनं एकेक कागद गोळा केला. कोणाच्या हातातला, कोणाच्या पायाखालचा. तेलकट पानं ओढणीला पुसली आणि घरी गेली.

मी फाट्यावर पळालो. हो, पळालो! हॉटेलवाल्याच्या बाकड्याखाली पुस्तकाची पाठ आणि पुढचा थोडासा गठ्ठा राहिला होता. चाळून बघितलं. खून शिल्लक होता. चोरी, लबाडी, विश्वासघात, सगळं भज्यांत गेलं होतं. एका दिवसात इतकी भजी? हे गाव माणसांचं आहे का कढईचं? मी त्या हॉटेलवाल्यावर असा संतापलो! तो म्हणाला, “मामा, तुमीच तर म्हणले, बांध भजी.” आणि ते खरं होतं, म्हणून आणखी संतापलो.

तेलकट पानांवरची अक्षरं पाठीची पोटात आणि पोटाची पाठीत दिसत होती. वाचायची सोय नव्हती. रेखा दुसऱ्या दिवशी उठून नांदेडला गेली, मैत्रिणींच्या पुस्तकात डोकं घालून वाचायला. जाताना कौसाला “येते” म्हणाली. मला नाही. तिच्या मैत्रिणींनाही पेपर होताच की, त्या आपलं पुस्तक हिला किती वेळ देणार? ही नापास झाली असती तर गावानं एकच म्हटलं असतं, आम्ही आधीच सांगितलं होतं. आणि ती सोडून बसली असती तर?

शेवटी मीही नांदेडची गाडी धरली. तिच्या सरांना भेटायचं ठरवलं. पुस्तक मागायचं होतं, ते खरं. पण गाडी वसमतच्या पुढं गेली तसा माझा राग सरांवर वळला. तुम्ही म्हणाल, त्यांचं काय चुकलं? अहो, राग कुठंतरी ठेवावा लागतो. स्वतःवर ठेवून ठेवून मी दमलो होतो. घरची माणसं घाला म्हणे! तुमची घाला की! वाटेत मी वाक्य जुळवत गेलो. चांगली करकरीत वाक्यं.

कॉलेजच्या व्हरांड्यात सर उभे होते. बारीक अंगाचा, चष्म्याचा माणूस. भोवती चार मुली.

“बाबा, कोण हवंय?”

“मी… रेखाचा बाप,” मी म्हणालो. “किसन.”

मुली एकदम वळल्या.

“किसन? बोकडवाले किसन?”

“अगं, खरंच आहेत!”

“काका, खिशात फुटाणे आहेत का हो?”

होते. आता खोटं कसं बोलणार? काढून दिले. मुलींनी घेतले आणि खिदळत खायला लागल्या. एक म्हणाली, “काका, मला चोरीची व्याख्या काही केल्या पाठ होत नव्हती. तुम्ही बोकड नेलात आणि झाली!”

सर हसू दाबत म्हणाले, “रेखानं वर्गात तुमचं उदाहरण सांगितलं, बाबा. सगळ्यांनी तेच धरलंय. हा अख्खा वर्ग तुमच्या जिवावर पास होणार.”

म्हणजे बघा! गावानं मला चोर म्हटलं ते एक दिवस. इथं वर्गच्या वर्ग मला चोर म्हणून पाठ करत होता! यातले उद्या कोणी वकील होतील, कोणी न्यायाधीश होतील, आणि कुठंही चोरीचा खटला निघाला की त्यांच्या डोळ्यांपुढं आधी मी येणार, मागं बोकड.

मी बोलायला लागलो. पुस्तकाचं सगळं सांगितलं, भज्यांसकट. त्या माणसानं मधे एक शब्द टाकला नाही. घंटा झाली तरी थांबून राहिले. मग आत गेले आणि आपलं स्वतःचं पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. “पेपर होईपर्यंत राहू द्या तिच्याकडे,” म्हणाले. “आणि बाबा, तिला घरी बसवू नका.”

माझी करकरीत वाक्यं घशात विरघळून गेली. पण एवढ्या लांब आलो होतो, रागाची थोडी तरी अब्रू राखायला नको?

“सर,” मी म्हणालो, “एकच मागणं हाय. त्या चोरीतून… माझं नाव… काढा.”

“काढतो की,” सर म्हणाले. “कोणाचं घालू?”

मी विचार करायला लागलो. दगडूचं घालावं? त्याचा बोकड गेला, तो गेलाच, कंदुरीला बिचाऱ्यानं दुसरा आणला. चंद्रभागाचं? ती तोंडानं कशीही असो, रेखा तापानं फणफणली तेव्हा उशाशी तीच बसली होती. हॉटेलवाल्याचं? त्यानं कागद माझ्याच हातून घेतला. पाटलांचं? त्या माणसानं मला वाचवायला बघितलं. कौसाचं घातलं असतं, पण मला संध्याकाळी तिच्याच हातचं जेवायचं होतं. सरांचं म्हणावं, तर त्यांचं पुस्तक माझ्या काखेत.

मुली फुटाणे खायच्या थांबल्या होत्या. सर वाट बघत होते.

“राहू द्या,” मी म्हणालो. “चोर… मलाच राहू द्या. बाकीची माणसं… चांगली हायेत.”

मुली हसल्या नाहीत. त्या माझ्या पाठीमागं बघत होत्या. मी वळलो. दारात रेखा उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिनं माझ्याकडे बघितलं, पुढं येऊन माझ्या काखेतलं पुस्तक काढून घेतलं, छातीशी धरलं आणि “येते, आबा” म्हणून वर्गात निघून गेली.